आजी घरी कधी असतात?

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीची अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली. घरूनच मत द्यायचं तर १२-ड अर्ज भरायला तिथून पाचच दिवस. वयाची पंच्याऐंशी ओलांडलेले किंवा ४० टक्के व त्याहून अधिक अपंगत्व असलेले, यांच्यासाठी ही सोय. आमच्या डोंगरी तालुक्यात बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) ताई अर्ज घेऊन फिरल्या तेव्हा घरोघरी चकल्यांचे घाणे चालू होते.

४ नोव्हेंबरला माघारीची मुदत संपली, उमेदवार ठरले, मतपत्रिका छापून आल्या आणि आम्ही तहसीलमध्ये रूट प्लॅन करायला बसलो. नकाशावर काम सोपं दिसत होतं, गावं रस्त्याने जोडत जायचं. ताईंनी दुसऱ्याच गावाला थांबवलं. "सर, या आजींना भाऊबीज झाली की मुलगा ठाण्याला नेतो. आणि हे काका मंगळवारी-शुक्रवारी डायलिसिसला असतात."

हे नुसतं गैरसोयीचं नव्हतं. अर्ज मंजूर झाला की मतदार यादीत नावापुढे 'पीबी' (पोस्टल बॅलट) लागतं, मग त्या माणसाला केंद्रावर मत देता येत नाही. मत घ्यायला पथक घरी दोनदा जाणार. दुसऱ्यांदाही कुणी भेटलं नाही तर मत हुकलं. म्हणून किलोमीटर बाजूला ठेवून कोण कधी घरी असतं, यावर क्रम लावला. डिझेल जास्त लागलं, लागू दे.

वेळेचा हिशेबही कागदावरचा टिकला नाही. खाटेवर पुठ्ठ्याचा आडोसा मांडायचा. व्हिडिओवाल्याने सगळं टिपायचं, फक्त मत सोडून. खूण केलेली मतपत्रिका लहान पाकिटात, १३-ब मध्ये. १३-अ हे प्रतिज्ञापत्र मात्र त्या पाकिटाबाहेर. मग दोन्ही मिळून मोठ्या १३-क मध्ये. प्रतिज्ञापत्र चुकून आत गेलं तर मोजणीच्या टेबलावर लहान पाकीट न उघडताच मत बाद. थरथरत्या हाताला इथे घाई करून चालत नाही. तरी प्रत्येक पाकिटापाशी घरातलं कुणीतरी मदतीला पुढे सरसावतंच आणि त्याला "आजींनाच करू द्या" म्हणून मागे सारण्यात आणखी मिनिटं जातात.

ठाण्याला गेलेल्या आजी पहिल्या फेरीत भेटल्या नाहीतच. ताईंनी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, रविवारी घेऊन येतो. दुसऱ्या फेरीतला १७ तारखेचा दिवस त्या वाडीसाठी ठेवला आणि बदललेली वेळ सगळ्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना लेखी कळवली.