पेरुंतच्चनच्या वंशातला शिक्षक

1 जानेवारी 2025 रोजी कन्याकुमारीच्या समुद्रातल्या तमिळ कवी तिरुवळ्ळुवरांच्या पुतळ्याला 25 वर्षं पूर्ण झाली. तमिळनाडू सरकारने थाटात सोहळा केला, शेजारच्या विवेकानंद शिलेपर्यंत काचेचा पूलही बांधला. त्याआधी चारच महिने, 26 ऑगस्ट 2024 ला, मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला होता. उभारून नऊ महिनेही झाले नव्हते. एक पुतळा दगडाचा, दुसरा धातूचा. तंत्र वेगळं, हे मान्य. पण वळ्ळुवरांच्या अंगावर 2004 ची त्सुनामी आदळली आणि ते जागचे हलले नाहीत. मराठी माणसाला हे झोंबायला हवं. आणि झोंबलं असेल, तर वळ्ळुवरांचा पुतळा घडवणाऱ्या वै. गणपती स्थपतींचं नाव त्याला ठाऊक हवं.

कारैकुडीजवळच्या पिळ्ळैयारपट्टीत 1927 साली जन्म, वडील वैद्यनाथ स्थपती नावाजलेले शिल्पी, कॉलेजात गणिताचं शिक्षण, मग पळणीच्या देवस्थानात नोकरी. या वर्षांत फारसं रेंगाळायचं कारण नाही. महत्त्वाचं घडलं ते मामल्लपुरमला. सरकारने 1957 मध्ये तिथे शिल्पकलेची शाळा काढली आणि ती वैद्यनाथांच्या हाती दिली. त्यांच्यामागे मुलाने ती 27 वर्षं चालवली. बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या वर्गात आली, तिला अभ्यासक्रम मिळाला, पुढे पदवीही मिळाली. शिल्प्याच्या घरात न जन्मलेल्या मुलाच्या हातीही टाकी आली.

गणपती स्थपती स्वतःला तंजावरच्या थोरल्या देवळाच्या स्थपतीचे वंशज म्हणवत. हे देऊळ राजराज चोळाने 1010 मध्ये पूर्ण केलं. मराठी प्रवासी तिथे सरफोजींनी 1803 मध्ये कोरवून घेतलेला भोसल्यांचा मराठी इतिहास शोधत जातो, आणि त्याने जावंच. पण त्याच देवळाच्या शिलालेखांत एक कारागीरही नावानिशी नोंदलेला आहे: कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन, म्हणजे देवळाचा मुख्य स्थपती. राजाने आपल्या नावाशेजारी कारागिरालाही जागा दिली, ती हजार वर्षं टिकली.

1980 चं दशक या माणसाच्या आयुष्यातलं सर्वांत भरलेलं, आणि तंजावरच्याही. सप्टेंबर 1981 मध्ये एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारने तिथे तमिळ विद्यापीठ स्थापन केलं. भाषाशास्त्रज्ञ व्ही. आय. सुब्रमण्यम पहिले कुलगुरू झाले. शिल्पकलेला स्वतंत्र विभाग मिळाला. प्रशासकीय इमारत आणि ग्रंथालय यांचा आराखडा गणपती स्थपतींकडे आला. ज्या गावात पूर्वजाने देऊळ बांधलं, तिथे वंशजाने विद्यापीठ उभारावं, असा योग क्वचितच येतो. 1986 मध्ये दक्षिण विभागीय सांस्कृतिक केंद्र तंजावरला आलं, 1987 मध्ये थोरलं देऊळ जागतिक वारशाच्या यादीत गेलं. कारागिरी हीसुद्धा विद्या आहे, तिला इमारत, पगार आणि परीक्षा लागतात, हे त्या काळातल्या सरकारला पटलेलं होतं. आज तो विश्वास कुठे दिसतो?

ही विद्या शिकवायची कशी? आधी दगड ठोकून त्याचा नाद ऐकायचा. बद्द वाजला की आत चीर आहे असं धरायचं. मग गेरूत भिजवलेली दोरी ताणून सोडायची, दगडावर तांबडी मध्यरेघ उमटते. तिच्या दोन्ही बाजूंना तालाची मापं: चेहऱ्याची लांबी हे एकक, त्यावरून छाती, कंबर, गुडघा. ग्रॅनाइटवर टाकी भराभर बोथटते, म्हणून लोहाराचा भाता कामाशेजारीच पेटता ठेवावा लागतो. हात तयार व्हायला वर्षं जातात, घाई चालत नाही.

वळ्ळुवरांच्या पुतळ्याचंही तसंच. 1979 मध्ये मोरारजी देसाईंनी पायाभरणी केली, प्रत्यक्ष काम सुरू झालं 1990 मध्ये, अनावरण 2000 मध्ये. 38 फुटांचा चौथरा, 95 फुटांची मूर्ती; बेरीज 133, वळ्ळुवरांच्या ‘कुरळ’ या ग्रंथाच्या अध्यायांइतकी. आधी लाकडी प्रतिकृती करून मध्यसूत्र पक्कं केलं, मूर्तीच्या पोटात पोकळी ठेवली, कमरेला नटराजासारखा बाक दिला. इतक्या उंच दगडी मूर्तीला बाक देण्याची हिंमत बसून मिळवलेल्या विद्येतूनच येते.

महाराष्ट्रातही हे होतं. वि. पां. करमरकरांचा पुण्यातला अश्वारूढ शिवाजी 1928 पासून उभा आहे. तो घडवणारा हात कुठल्या शिक्षणातून आला, याची चौकशी मालवणनंतर व्हायला हवी होती. चर्चा मात्र झाली ती नव्या पुतळ्याच्या उंचीची.

उतारवयात गणपती स्थपती पुराणांतल्या शिल्पी मयाच्या वास्तुविद्येचा मेक्सिकोतल्या माया संस्कृतीशी संबंध जोडू लागले. तो पटण्यासारखा नाही, आणि त्यापायी त्यांचं खरं काम झाकोळलं, याचं वाईट वाटतं. 2009 मध्ये पद्मभूषण मिळालं, सप्टेंबर 2011 मध्ये ते गेले. अमेरिकेत, हवाईच्या काउआई बेटावर त्यांनी आखलेलं इरैवन मंदिर तेव्हा अपुरं होतं. त्याचा ग्रॅनाइट बंगळूरजवळ हाताने घडत होता आणि जहाजाने तिकडे जात होता. शिल्पी काम करत राहिले, आणि मार्च 2023 मध्ये तिथे प्रतिष्ठापना झाली.