टंगस्टनची पिवळी पूड : धुराड्यात आणि पेंढ्यात

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील पेट्रोल पंपावर उभ्या असलेल्या एखाद्या नव्या मालट्रककडे वाचकांनी लक्षपूर्वक पाहिले असेल, तर डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची आणखी एक लहान टाकी त्यांच्या दृष्टीस पडली असेल. चालक मंडळी तिला ‘युरियाची टाकी’ म्हणतात, आणि ते नाव चुकीचे नाही. तिच्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असते. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज ६ चे निकष देशभर लागू झाले आणि ही टाकी सर्रास दिसू लागली. भाताच्या शेतात टाकावयाचे खत ट्रकमध्ये कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधू लागलो की आपण टंगस्टन नावाच्या धातूपाशी येऊन पोहोचतो. जुन्या विजेच्या दिव्यातील तार म्हणून जो धातू आपल्या घराघरांत होता, तोच हा धातू.

प्रथम रोग कोणता ते पाहू. हवेत नत्रवायू आणि प्राणवायू एकत्र नांदतात आणि सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. परंतु वीजकेंद्राच्या भट्टीतील किंवा इंजिनातील प्रखर उष्णतेत त्यांचा संयोग होतो आणि नत्राची ऑक्साइडे तयार होतात. कोळशाच्या अंगचा नत्रही त्यांत भर घालतो. ही ऑक्साइडे स्वतः फुफ्फुसांना अपायकारक आहेतच. शिवाय उन्हात इतर वाफांशी त्यांची प्रक्रिया होऊन जमिनीलगत ओझोन निर्माण होतो. १८ जुलै १९७० रोजी टोकिओच्या सुगिनामी भागातील एका शाळेच्या मैदानावर व्यायाम करीत असलेल्या मुलींचे डोळे एकाएकी चुरचुरू लागले, घसे दुखू लागले आणि चाळीसहून अधिक मुलींना त्रास झाला. आकाश स्वच्छ होते, ऊन कडक होते आणि दोष त्या उन्हात शिजलेल्या धुराचा होता. १९७३ साली जपानने नत्राच्या ऑक्साइडांसाठी अत्यंत कडक मानक ठरविले. ते उद्योगांना इतके जाचक वाटले की १९७८ साली ते सैल करण्यात आले. परंतु मधल्या पाच वर्षांत तेथील अभियंत्यांना स्वस्थ बसता आले नाही, आणि आज जगभर वापरात असलेला उपाय मुख्यतः त्याच दशकात त्या देशात आकारास आला.

उपाय ऐकावयास सोपा आहे. धुरात थोडा अमोनिया सोडावयाचा. अमोनिया आणि नत्राचे ऑक्साइड यांची गाठ पडली की दोहोंचे मिळून निरुपद्रवी नत्रवायू आणि पाणी बनते. ट्रकमध्ये अमोनियाची टाकी बाळगणे धोक्याचे, म्हणून युरिया. तो गरम धुरात विघटित होऊन अमोनिया देतो. अडचण एवढीच की ही भेट आपोआप घडून यावयास ९०० अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान लागते, आणि भट्टीतून बाहेर पडलेला धूर तोवर बराच निवलेला असतो. तेच काम ३०० ते ४०० अंशांवर करवून घ्यावयाचे, तर मध्यस्थ हवा. रसायनशास्त्रात या मध्यस्थाला उत्प्रेरक म्हणतात. सोयरीक जमविणारा मध्यस्थ जसा दोन घरे जोडून देतो आणि स्वतः कोणत्याच घरात राहत नाही, तसा उत्प्रेरक दोन रेणूंना जवळ आणतो आणि स्वतः खर्ची पडत नाही. अर्थात मध्यस्थही थकतो आणि बिघडतो. त्याविषयी पुढे सांगूच.

धुराड्यातील हा मध्यस्थ तिघांचा मिळून बनलेला असतो. रंगाच्या धंद्यातील पांढरे टायटॅनियम ऑक्साइड हा त्याचा पाया. त्यावर अल्प प्रमाणात, साधारण एक टक्का, व्हॅनेडियमचे ऑक्साइड. आणि त्याच्या कितीतरी पट, म्हणजे पाच ते दहा टक्के, टंगस्टनचे ऑक्साइड. खरी जुळवणी व्हॅनेडियम करतो. मग त्याच्याहून अधिक टंगस्टन कशाला? आमच्या मते या विषयातील सर्वांत मनोवेधक भाग येथेच आहे.

टंगस्टन तीन कामे करतो. पहिले असे की त्याच्यामुळे पृष्ठभागावर आम्लधर्मी जागा वाढतात. अमोनिया हा अल्कधर्मी वायू. तो अशा जागांना चिकटून राहतो आणि नत्राच्या ऑक्साइडाची वाट पाहू शकतो. दुसरे असे की टायटॅनियम ऑक्साइडाचे सूक्ष्म कण उष्णतेने एकमेकांस चिकटून जाड होऊ पाहतात आणि त्यांची स्फटिकरचना बदलते. टंगस्टन त्यास अटकाव करतो. तिसरे काम आवरण्याचे आहे. कोळशाच्या धुरात गंधकाचा डायऑक्साइड असतो आणि व्हॅनेडियम मोकाट सुटला तर तो त्याचेही ट्रायऑक्साइड करून टाकतो. हे ट्रायऑक्साइड, उरलासुरला अमोनिया आणि वाफ मिळून एक चिकट क्षार बनतो. पुढच्या यंत्रांतील नळ्यांवर तो गुळाच्या काकवीसारखा बसतो आणि वाट तुंबवतो. टंगस्टन असल्याने व्हॅनेडियम कमी घालून भागते आणि ही अनिष्ट प्रक्रिया ताब्यात राहते. प्रत्यक्षात हा उत्प्रेरक मधाच्या पोळ्यासारख्या, आरपार चौकोनी छिद्रांच्या विटांच्या रूपात असतो. धूर त्या छिद्रांतून जातो आणि पलीकडे निघेतो नत्राच्या ऑक्साइडांचा ८० ते ९० टक्के भाग नाहीसा झालेला असतो. ट्रकमध्ये मात्र अलीकडे याच कामासाठी तांबे आणि झिओलाइट यांचा उत्प्रेरकही पुष्कळ वापरला जातो. प्रत्येक निळ्या झाकणाच्या मागे टंगस्टन असेलच असे नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्या पालघर जिल्ह्यातील डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्रात धुरातील गंधक समुद्राच्या पाण्याने धुऊन काढण्याची यंत्रणा २००७ साली बसविण्यात आली. त्यामागे स्थानिक लोकांचा दीर्घ न्यायालयीन लढा होता. परंतु ती यंत्रणा गंधकासाठी आहे. नत्राच्या ऑक्साइडांचा प्रश्न स्वतंत्र आहे. त्यांच्याविषयी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१५ रोजी देशभरासाठी मर्यादा घालून दिल्या. दर घनमीटर धुरामागे जुन्या संचांना ६०० मिलिग्रॅम, २००४ ते २०१६ मधील संचांना ३०० आणि त्यानंतरच्या संचांना १००. पुढे २०२० साली मधल्या गटाचा ३०० चा आकडा ४५० करण्यात आला. भट्टीतील ज्योतीची रचना बदलून ४५० पर्यंत येता येते. उत्प्रेरकाची पोळी बसविल्यावाचून ३०० च्या आत सातत्याने राहणे अवघड, असे त्या निर्णयामागचे सांगणे होते.

या सांगण्यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. जपानमध्ये जाळला जाणारा कोळसा उत्तम प्रतीचा असतो. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते आणि तिच्यात वाळूसारखे सिलिका भरपूर असते. धुराबरोबर ही राख वेगाने विटांच्या छिद्रांतून जाते आणि त्या खरवडून काढते. एनटीपीसीने घेतलेल्या प्रायोगिक चाचण्यांतून झिजेचा हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. तथापि उपाय कठीण आहे म्हणून मर्यादा सैल करावयाची, हा क्रम आम्हांस उलटा वाटतो. अडचण सुटेपर्यंत त्या हवेत श्वास घेणाऱ्याला सवलत मिळत नाही.

आणि येथे पेंढ्याचा संबंध येतो. उत्तरेत भाताची कापणी झाल्यावर शेतांतच पेंढा जाळला जातो आणि दिल्लीपर्यंत धूर पसरतो, हे आपण दरवर्षी वाचतो. त्यावर तोड म्हणून ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने कोळशावरील वीजकेंद्रांना शेतीच्या अवशेषांच्या गोळ्या ५ टक्के प्रमाणात कोळशासोबत जाळण्यास सांगितले. हेतू चांगला आहे. परंतु वनस्पतींच्या राखेत पोटॅशियम असते. आपल्या आज्या राखेने भांडी घासत, ती राख हातांना बुळबुळीत लागे ती त्याच अल्कामुळे. हा अल्क उत्प्रेरकावर बसला की अमोनियासाठी राखलेल्या आम्लधर्मी जागा तोच बळकावतो. मध्यस्थ जागचा हलत नाही, परंतु त्याच्या हातून काम होईनासे होते. पाच टक्क्यांत बिघाड सावकाश होईल, प्रमाण वाढले तर लवकर होईल. एका प्रदूषणावरचा इलाज दुसऱ्या प्रदूषणावरच्या इलाजाला असा बाधतो.

मग पेंढा न जाळता त्याचे काही करता येईल काय? येथेही टंगस्टनच पुढे येतो, तोही त्याच आम्लधर्मी गुणाच्या बळावर. पेंढा, उसाचे चिपाड, लाकूड यांचा मोठा भाग सेल्युलोजचा, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब माळ. २००८ साली चीनमधील डालियन येथील रासायनिक भौतिकी संस्थेत झांग ताओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेल्युलोज पाण्यात घालून, टंगस्टन कार्बाइड आणि निकेल यांच्या उत्प्रेरकासह, २४५ अंशांवर हायड्रोजनच्या दाबाखाली अर्धा तास ठेवले. त्यातून वजनाने ६१ टक्के इथिलिन ग्लायकॉल मिळाले. पॉलिएस्टरचे कापड आणि पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या ज्यापासून होतात, त्यातील हा एक मुख्य घटक. जगात तो बहुतांशी खनिज इंधनांपासून केला जातो.

पुढील अभ्यासात असे दिसले की कार्बाइडच हवे असे नाही, टंगस्टन ऑक्साइडही चालते; गरम पाण्यात त्याचा काही अंश विरघळतो आणि खरे काम हा विरघळलेला अंश करतो. पाणी निवले की तो पुन्हा खाली बसतो, त्यामुळे तो परत वापरता येतो. काम असे : ग्लुकोजमध्ये सहा कर्ब असतात. टंगस्टन ती साखळी नेमक्या जागी तोडून प्रथम दोन आणि चार, मग चाराचे पुन्हा दोन-दोन असे तुकडे करतो. निकेल किंवा रुथेनियम त्या तुकड्यांना हायड्रोजन देऊन ग्लायकॉल बनवितात. एका ग्लुकोजपासून तीन रेणू, आणि एकही कर्ब वाया नाही. उत्तराखंडातील काशीपूर येथे उसाच्या मळीपासून अल्कोहोल आणि अल्कोहोलपासून ग्लायकॉल करण्याचा उद्योग अनेक वर्षे चालत आला आहे. परंतु आंबविण्याच्या मार्गात सहा कर्बांपैकी दोन कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातात. शिवाय मळी ही साखरेची बहीण. पेंढा तसा नाही.

तरीही गावोगाव असे कारखाने निघाले नाहीत, याची कारणे आहेत. दाबाखालचा हायड्रोजन स्वस्त नाही. ग्लायकॉलबरोबर ब्युटेनडायॉलसारखे जे भाऊबंद तयार होतात, त्यांतील एक जवळजवळ त्याच तापमानाला उकळत असल्याने ऊर्ध्वपातनाने दोघे सहज वेगळे होत नाहीत. टंगस्टनचा पुरवठा हा आणखी एक प्रश्न. जगातील सुमारे चार-पंचमांश टंगस्टन एकट्या चीनमध्ये निघतो, आणि ४ फेब्रुवारी २०२५ रोजी त्या देशाने त्याच्या निर्यातीवर नियंत्रणे आणली. आपल्याकडे राजस्थानातील डेगाणा येथील जुनी खाण १९९० च्या दशकात बंद पडली. नागपूर जिल्ह्यातील कुही-खोबना पट्ट्यात टंगस्टनची खनिजे आढळली आहेत, एवढेच.

शेवटी एक गोष्ट त्या खनिजांविषयी. ‘टंगस्टन’ हा शब्द स्वीडिश. त्याचा अर्थ ‘जड दगड’. कार्ल शेले याने १७८१ साली त्या दगडातून पिवळे आम्ल वेगळे केले. धातू मिळविला तो १७८३ साली स्पेनमधील बेर्गारा येथे, हुआन होसे आणि फाउस्तो एल्हुयार या भावांनी, वुल्फ्रामाइट नावाच्या दुसऱ्या खनिजापासून, लोणारी कोळशाच्या साहाय्याने. ज्या संस्थेत हे झाले तिला ‘सेमिनरी’ म्हणत. वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो की ती धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाची जागा नव्हती; येशूसंघीयांना १७६७ साली स्पेनमधून हद्दपार केल्यावर त्यांच्या रिकाम्या कॉलेजात चालविलेली ती एक विद्याशाळा होती.

शेलेचा तो जड दगड, ज्याला पुढे त्याच्या नावावरून शीलाइट म्हणू लागले, रासायनिकदृष्ट्या कॅल्शियम टंगस्टेट आहे. वुल्फ्रामाइटात कॅल्शियमऐवजी लोह आणि मँगनीज असते. शुद्ध सेल्युलोजऐवजी खरा पेंढा वा मक्याची ताटे घेतली की प्रयोग बिघडू लागतात. पेंढ्यातील कॅल्शियम आणि लोह विरघळलेल्या टंगस्टनशी संयोग पावतात, न विरघळणारा साका खाली बसतो आणि पाण्यात काम करणारा टंगस्टन संपतो. तो साका तपासला तर त्यात शेलेच्या दगडाचेच द्रव्य सापडते. म्हणून पेंढा आधी धुऊन, त्यातील क्षार जितके निघतील तितके काढून, मगच त्याला टंगस्टनच्या स्वाधीन करावे, या दिशेने प्रयोगशाळांत काम चालले आहे.