सावित्रीमाईंच्या तसबिरीला हार. तापाने फणफणलेल्या लेकराचे काय?

दरवर्षी ३ जानेवारीला शाळाशाळांतून क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांच्या तसबिरीला हार घातला जातो. भाषणे होतात. ज्या नगरात मिस फरार यांच्या संस्थेत माईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले, त्या नगर जिल्ह्याने, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरने, एवढे करणे रास्तच आहे. पण माईंचा मृत्यू कसा झाला, हे किती भाषणांतून सांगितले जाते? १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखाना गाठला. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्यांचे निधन झाले. आजारी लेकराशी शिक्षकाचा संबंध नाही, असे या पहिल्या शिक्षिकेने मानले नाही.

माईंची जयंती ऐन थंडीत येते. त्याच दिवसांत वर्गावर्गांतून सर्दी-खोकला, फ्लू, गालगुंड फिरत असतात. शाळेची सूचना ठरलेली असते : आजारी मुलाला घरी ठेवा. सूचना चुकीची नाही. पण ती पाळणे कोणाला परवडते? खुरपणीला जाणारी आई घरी थांबली तर तिचा रोज बुडतो आणि मूल घरी राहिले तर त्याची दुपारची खिचडी बुडते. मग तापाची गोळी देऊन लेकराला शाळेत धाडले जाते. वर शंभर टक्के हजेरीचे बक्षीस असतेच! दोष आईचा नाही. गरिबाचे घर डोळ्यांसमोर न ठेवता सूचना काढणाऱ्यांचा आहे.

आणि ज्यांची शाळा हेच घर आहे, त्यांनी कोणत्या घरी थांबायचे? डिसेंबर २०२१ च्या अखेरीस पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरच्या जवाहर नवोदय विद्यालयात आधी १९ विद्यार्थी कोरोनाबाधित आढळले. पुढच्या तपासण्यांत बाधितांचा आकडा पन्नाशीपलीकडे गेला. तपासणी झाली म्हणून ते कळले. एकत्र झोपणे, एकत्र जेवणे असेल तिथे एकाचा आजार अनेकांचा होतो. हीच गोष्ट समाजकल्याणच्या वसतिगृहांना आणि अकोल्याच्या आदिवासी आश्रमशाळांनाही लागू आहे. तिथे थंडीत खरूजही एका अंथरुणावरून दुसऱ्यावर जाते.

थंडी हाच ऊसतोडीचा हंगाम. पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. काही मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. काही आई-बापांसोबत कारखान्याच्या तळावर कोपीत राहतात. पहाटेचा गारठा आणि चुलीचा धूर, दोन्ही त्यांच्या छातीत जातात. या मुलांची नावे गावच्या पटावर असतात आणि मुले दुसऱ्या तालुक्यात. मग तपासणीचे पथक येते तेव्हा ती सापडणार कशी? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेची तपासणी वर्षातून एकदाच होते. तेव्हा आश्रमशाळा, वसतिगृहे आणि ऊसतोड कामगारांच्या गावांतील शाळा यांची तपासणी टोळ्या निघण्यापूर्वीच व्हावी, राहिलेले डोस तेव्हाच द्यावेत आणि कारखान्याच्या तळावरही पथक जावे, अशी आमची मागणी आहे.

बाकीच्या तयारीला फार पैसा लागत नाही. खिचडीपूर्वी नळापाशी साबण हवा आणि नळाला पाणी हवे. थंडी म्हणून खिडक्या घट्ट लावून साठ मुलांना एका खोलीत कोंडू नये. एक-दोन तरी उघड्या असाव्यात. वसतिगृहात प्रत्येकाला स्वतःचे पांघरूण आणि टॉवेल असावा, एकाच्या डोक्याकडे दुसऱ्याचे पाय येतील अशी अंथरुणे घालावीत आणि आजारी मुलांसाठी एक खोली राखून ठेवावी. साध्या सर्दीला अँटिबायोटिक लागत नाही. पण मूल भराभर श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल, पाणी पीत नसेल किंवा मलूल पडले असेल, तर आई-बापांची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. हजेरीचे बक्षीस बंद करावे. ज्या घरात स्वेटर नाही, त्या घरच्या पोराला 'स्वेटर का नाही?' असे वर्गासमोर विचारू नये.

राहिला प्रश्न खिचडीचा. कोरोनाकाळात शाळा बंद होत्या, तेव्हा पोषण आहाराचे धान्य मुलांच्या घरी दिले गेले. तेव्हा जे लाखो मुलांसाठी जमले, ते तापाने तीन दिवस घरी असलेल्या एका मुलासाठी का जमू नये? भावंडाच्या हाती डबा द्यायला कितीसा खर्च येतो? आजारी मुलाचे जेवण त्याच्या मागे घरी गेले, तरच 'घरी ठेवा' या सूचनेला अर्थ आहे.

गावोगावच्या भीमसैनिकांना, महिला मंडळांना आणि शाळा व्यवस्थापन समितीवरील पालकांना आमचे सांगणे आहे. दिवाळीची सुट्टी संपताच शाळेत जा. साबण, खिडकी, आजाऱ्याची खोली आणि डबा या चार गोष्टी विचारा. उत्तर लेखी घ्या. ३ जानेवारीला हार अवश्य घाला; पण त्या दिवशी वर्गातले कोणते मूल आलेले नाही, हे आधी पाहा आणि त्याच्या घरापर्यंत जा.