अरुंद दाराची खोली

मैत्रिणींनो, दुधाची पिशवी, न्हाणीतली बादली, फ्रीजमधले डबे हे सगळं मुळात कशापासून होतं, ठाऊक आहे? इथिलीन आणि प्रोपिलीन या दोन वायूंपासून. रसायनशास्त्रात त्यांना ओलेफिन म्हणतात. एरवी ते खनिज तेल किंवा नैसर्गिक वायूपासून काढतात. चीनकडे तेल कमी, कोळसा मुबलक. म्हणून तिथे कोळशापासून आधी मिथेनॉल करतात आणि त्यापासून हे वायू. बाओतोउ शहरात 2010 साली असा मोठा कारखाना सुरू झाला.

या कामातला खरा कारागीर म्हणजे झिओलाइट. आमच्या बचत गटाच्या बायकांबरोबर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहिलं, तेव्हा आपल्याच काळ्या पाषाणात सापडणारे त्याचे देखणे स्फटिक बघून सगळ्याजणी हरखून गेल्या. 1756 साली स्वीडनच्या क्रॉनस्टेटने असा दगड तापवला, तर तो उकळल्यासारखा फसफसला. म्हणून नावच पडलं, उकळणारा दगड! त्याच्या आतल्या बारीक पोकळ्यांत पाणी असतं ना.

कारखान्यात वापरतात तो मात्र मुद्दाम घडवलेला त्याचा भाऊबंद, सापो-34. त्याची खोली मोठी, पण दार फार अरुंद. एका मिलिमीटरचे पंचवीस लाख भाग केले, तर त्यातला जेमतेम एक! इथिलीन, प्रोपिलीनचे लहान रेणू त्यातून सटकतात, अंगाने मोठे असतात ते आतच राहतात. तांब्यात हात घालून मूठ आवळली की हात निघत नाही, तसंच. दार थोडं रुंद केलं तर मालच बदलतो. मोबिल कंपनीच्या झेडएसएम-5 या झिओलाइटने न्यूझीलंडमध्ये 1980 च्या दशकात मिथेनॉलचं चक्क पेट्रोल केलं होतं.

मला नवल वाटलं ते आत अडकलेल्यांचं. मिथेनॉल या मोठ्या रेणूंनाच येऊन चिकटतं आणि त्यांच्यातूनच लहान रेणू सुटून बाहेर पडतात. स्वतः मात्र उंबरा ओलांडत नाहीत (आठवली ना घरातली कुणीतरी?). पुढे तेच वाढत वाढत काजळी होतात, खोली बुजते. मग ती पूड दुसऱ्या भांड्यात नेऊन, हवा सोडून काजळी जाळतात आणि परत कामाला लावतात. खोल्या लवकर बुजू नयेत म्हणून शास्त्रज्ञ स्फटिक अधिक बारीक करून, त्यात रुंद वाटा ठेवून बघतात.

कोळशापासून मिथेनॉल करताना कार्बन डायऑक्साइड फार निघतो, ते मला खटकतंच. पण आइसलँडमध्ये त्याच कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल करून दाखवलं आहे. झिओलाइटला काय, ते कुठूनही आलेलं चालतं.