स्वादुपिंडातली गाठ आणि पेटीतला जुना कागद

समजा, पन्नाशीची एक बाई दवाखान्यात येते. जेवण जात नाही, पाठीत कळ येते, डोळे पिवळे झालेत. काविळीचे झाडपाल्याचे औषध घेण्यात पंधरवडा गेलेला असतो. सोनोग्राफीत स्वादुपिंडात, म्हणजे पॅनक्रियासमध्ये, गाठ दिसते आणि घरचे हातपाय गाळतात. अशा वेळी एक प्रश्न विचारायलाच हवा : यापूर्वी अंगातली कुठली गाठ काढली होती का?

स्वादुपिंडाचे बहुतेक कर्करोग तिथलेच असतात. शंभरात दोन ते पाच मात्र दुसरीकडून आलेले असतात. त्यांत मूत्रपिंडाचा कर्करोग आघाडीवर, सार्कोमा क्वचित. स्नायू, चरबी, हाड यांच्या कर्करोगाला सार्कोमा म्हणतात. तो रक्तावाटे बहुधा फुप्फुसात जातो, एखाद्या वेळी स्वादुपिंडात. तेही कधी कधी ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनी.

आपल्या मराठवाड्यात पिशवीचे ऑपरेशन झालेल्या बायका पुष्कळ आहेत. पिशवीतली गाठ बहुधा साधी फायब्रॉईडच असते, तेव्हा घाबरू नये. पण क्वचित ती लायोमायोसार्कोमा, म्हणजे स्नायूचा कर्करोग, निघते. पॅथॉलॉजीचा तो रिपोर्ट मात्र कोणी न वाचताच पेटीत पडतो.

सीटी स्कॅनमध्ये गाठ कुठे व केवढी ते कळते, पण ती कुठून आली हे खात्रीने कळत नाही. त्यासाठी तोंडावाटे दुर्बीण घालतात. तिच्या टोकाला सोनोग्राफी असते; तिने गाठ पाहत बारीक सुईने नमुना घेतात. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही समजूत फार घट्ट आहे. प्रत्यक्षात हा धोका अगदी थोडा असतो. मग इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री तपासणीत पेशींमधली विशिष्ट प्रथिने रंगाने ओळखतात. जुन्या गाठीचा मेणातला तुकडा लॅबमध्ये शिल्लक असेल, तर दोन्ही नमुने शेजारी ठेवून पाहता येतात.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण दोन्ही रोगांची औषधे वेगळी आहेत. गाठ एकटीच असेल, तर निवडक रुग्णांत ऑपरेशनचाही विचार होतो. रोग बरा होईलच असे सांगता येत नाही, पण चुकीच्या उपचारात जाणारे महिने वाचतात.

घाटीत जा, आपल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जा किंवा मुंबईला टाटामध्ये. जुनी फाईल सोबत हवीच. वाचकहो, आज घरातली पेटी उघडा. आई, आत्या, मावशी यांच्या ऑपरेशनचा रिपोर्ट शोधा, आपल्या डॉक्टरांना दाखवा आणि नीट जपून ठेवा.