पाझर आणि गळती : राजोडीच्या बावखलापासून धरणाच्या पायापर्यंत

ओहोटी लागली की राजोडीच्या किनाऱ्यावर सुरूच्या रांगेसमोर गुडघाभर खोल खड्डा करून पाहावा. थोड्याच वेळात त्यात पाणी जमते. पाठोपाठ खड्ड्याच्या भिंती ढासळू लागतात, आणि त्या वरून नव्हे, तळाकडून ढासळतात. तळाला हात लावला तर वाळू उकळत असल्यासारखी हलते. बाजूने आणि खालून आत येणारे पाणी एकटे येत नाही, वाळूचे कण सोबत घेऊन येते. मुलांच्या दृष्टीने हा खेळ आहे. धरण बांधणाऱ्या इंजिनिअरला मात्र या खड्ड्याची धास्ती वाटते, कारण अनेक बंधारे आणि मातीची धरणे अशाच हलत्या वाळूने गिळली आहेत.

याच किनाऱ्यापासून थोडे आत, वाड्यांमध्ये, दुसरे आश्चर्य आहे. वसई भागात वाडीच्या कडेला खणलेल्या लहान तळ्याला बावखल म्हणतात. समुद्राची गाज ऐकू येते इतक्या अंतरावरच्या बावखलातले पाणी पिढ्यान्‌पिढ्या गोडे राहिले. त्यावर केळी, पानवेली, फुले, भाजीपाला झाला. खारे पाणी इतके जवळ असताना ते आत का शिरले नाही?

उत्तर वजनात आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून साधारण अडीच टक्के जड. पावसाळ्यात या पट्टीवर दोन मीटरच्या वर पाऊस पडतो, वाळूतून तो खाली मुरतो आणि आधीपासून असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत बसतो. या गोड्या पाण्याचा आकार भिंगासारखा असतो, मध्ये जाड आणि किनाऱ्याकडे निमुळता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच अभियंता बादोन गायबेन याने आणि काही वर्षांनी जर्मन अभियंता हेर्झबर्ग याने स्वतंत्रपणे त्याचा हिशेब मांडला. जमिनीतल्या गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर समुद्रसपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असू शकते. खाली बसाल्टचा खडक किंवा चिकणमातीचा थर लागला की हे भिंग तिथेच कापले जाते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा इतका सरळ नसतो. पण या हिशेबाची उलटी बाजू विसरता येत नाही. वरची पातळी उपशाने अर्धा मीटर खाली गेली आणि तशीच राहिली, तर खालचे खारे पाणी सावकाश २० मीटर वर चढू पाहते.

रहाटाच्या काळात हे घडणे अवघड होते. बैल फिरत, लोटे भरत, थोडे थोडे पाणी वर येई. बैल दमले की विहिरीलाही विसावा मिळे. पंप दमत नाही. एकाच जागी जोराने उपसा सुरू राहिला, की पंपाच्या बरोबर खाली खाऱ्या पाण्याचा शंकू उभा राहतो. या भागातल्या विहिरींचे पाणी टँकरने वाढत्या इमारतींकडे जाऊ लागले, तेव्हा लोक रस्त्यावर आले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालच्या हरित वसईच्या चळवळीत हा उपसा कळीचा मुद्दा होता. त्या आंदोलनावर पर्यावरण आणि राजकारण या अंगांनी पुष्कळ लिहिले गेले. त्यामागचे एकास चाळीसचे गणित मात्र क्वचितच कोणी उलगडून दाखवले.

मातीतून पाणी किती वेगाने जाते, याचा नियम १८५६ साली छापला गेला. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करणाऱ्या आंरी दार्सी याने वाळू भरलेल्या उभ्या नळकांड्यातून पाणी सोडून मोजमापे घेतली. दोन टोकांच्या पातळ्यांत जितका फरक जास्त, तितके पाणी जास्त. वाळूतला प्रवास जितका लांब, तितके ते कमी. फरकाला लांबीने भागले की मिळतो तो पाण्याचा ढाळ. ढाळ, मातीची पाझरक्षमता आणि छेदाचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार म्हणजे पाझर. नियम शाळकरी मुलाला समजेल असा आहे, पण पाझरक्षमतेतले अंतर थक्क करणारे आहे. ढाळ एकास एक धरला, तर मध्यम वाळूतून पाणी दिवसाला आठ-नऊ मीटर या दराने जाते आणि चांगल्या चिकणमातीतून वर्षाला जेमतेम तीन सेंटीमीटर. मातीच्या धरणाच्या पोटात चिकण काळ्या मातीचा गाभा आणि बाहेर मुरुमाची जाड पाठराखण असते, ती या फरकामुळेच. आपल्याकडच्या धरणांवर गाभ्याला ‘हार्टिंग’ आणि बाहेरच्या भागाला ‘केसिंग’ म्हणतात. मजुरांच्या तोंडीही तेच शब्द आहेत.

वसई-विरारच्या नळाला येणारे बरेचसे पाणी आज सूर्या नदीवरच्या धामणी धरणातून येते. उसगाव आणि पेल्हार ही जवळची लहान धरणे. ज्या घरांची विहीर मचूळ झाली, ती धरणावर विसंबली. तेव्हा धरणाखालून पाणी कसे जाते, हा प्रश्न राजोडीलाही परका राहिलेला नाही.

धरणाखालून पाणी जातेच. एका बाजूला पाण्याचा उंच साठा आणि दुसऱ्या बाजूला कोरडे पात्र असेल, तर दार्सीचा नियम कोणालाही माफी देत नाही. किती जाते ते ठरवायला इंजिनिअर एक चित्र काढतात. भिंतीखालून वळत जाणाऱ्या प्रवाहरेषा आणि त्यांना काटकोनात छेदणाऱ्या समान दाबाच्या रेषा आखायच्या, अशा की मधली प्रत्येक चौकट वाकडी का होईना, चौरसासारखी दिसेल. मग चौकटी मोजायच्या. समजा साठ्याची उंची १० मीटर आहे, प्रवाहाचे पट्टे ४ पडले, दाबाच्या पायऱ्या १२, आणि पायातली माती बारीक वाळूची, सेकंदाला मीटरचा एक लाखावा भाग इतक्या पाझरक्षमतेची. तर भिंतीच्या दर मीटर लांबीखालून दिवसाला सुमारे २,९०० लिटर पाणी जाईल. पाचशे मीटरच्या भिंतीखालून जवळजवळ साडेचौदा लाख लिटर. आकडा ऐकून दचकायला होते, पण पाण्याचा हा तोटा सोसता येतो. खरा धोका चित्राच्या शेवटच्या चौकटीत असतो, जिथे पाणी जमिनीतून वर उगवते.

तिथे पाणी वाळूच्या कणांना खालून वर ढकलत असते. कणांचे पाण्यातले वजन त्यांना खाली धरून ठेवते. साधारण वाळूसाठी ही बरोबरी ढाळ एकाच्या जवळ पोहोचला की होते : १ मीटर मातीत १ मीटर दाब खर्च होऊ लागला, की कण तरंगू लागतात. किनाऱ्यावरच्या खड्ड्याच्या तळाशी हेच घडत होते. एकदा कण सुटले की पोकळी पडते, पोकळीमुळे पाण्याची वाट आखूड होते, वाट आखूड झाली की ढाळ वाढतो आणि आणखी कण सुटतात. पाण्याची नळी अशी बाहेरच्या टोकापासून साठ्याकडे मागे मागे खणली जाते. वर भिंत धडधाकट दिसत असते.

ही गोष्ट जगाला नीट समजावून सांगण्यात आपल्या उपखंडाचा वाटा मोठा आहे. पंजाबातल्या नद्यांवरचे बंधारे खडकावर नव्हे, खोल वाळूवर उभे करावे लागले. १८९५ मध्ये चिनाब नदीवरचा खांकी बंधारा खचला आणि प्रयोग सुरू झाले. १९१० मध्ये ब्लाय याने सोपा नियम दिला : बंधाऱ्याच्या बुडाला चिकटून पाणी जितके अंतर सरपटते ते मोजा, बारीक वाळू असेल तर ते पाण्याच्या उंचीच्या १५ पट ठेवा. या नियमावर पुष्कळ बांधकामे झाली. पण १९२६-२७च्या सुमारास अप्पर चिनाब कालव्यावरच्या काही सायफनांना खालून पोखरल्याचा त्रास होऊ लागला. ए. एन. खोसला यांनी त्यांच्या बुडाखाली नळ्या घालून पाण्याचा दाब प्रत्यक्ष मोजला. तो ब्लायच्या हिशेबाशी जुळेना. पाणी बुडाला चिकटून सरपटत नव्हते, ते मातीतून वक्र वाटांनी जात होते. आडवे अंतर आणि उभी भिंत यांना सारखेच मोल देणे चूक होते.

खोसला, एन. के. बोस आणि मॅकेन्झी टेलर यांचा ग्रंथ १९३६ साली प्रसिद्ध झाला. एकूण अंतर कितीही ठेवा, पाणी बाहेर पडते त्या टोकाचा ढाळ सुरक्षित नसेल तर पोखरण तिथूनच सुरू होणार, हे त्यात गणिताने सिद्ध झाले. म्हणून त्या टोकाला जमिनीत खोल उतरणारी उभी भिंत हवीच. ती नसेल तर ढाळ, निदान गणितात तरी, अनंत होतो. बारीक वाळूसाठी त्यांनी हा ढाळ एक षष्ठांश ते एक सप्तमांश इतकाच मान्य केला. एक ही मर्यादा असताना सहा-सात पटींची सावधगिरी. प्रत्यक्ष माती पुस्तकातल्यासारखी एकजिनसी नसते, हे त्या माणसांना नळ्या ठोकताना कळले होते. माझ्या मते भारतीय अभियांत्रिकीतले हे एक अव्वल काम आहे.

२ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि खालची वस्ती वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले आणि राज्यभर हसे झाले. हसण्याआधी थोडा हिशेब करू. कोकणातल्या खारबंधाऱ्यांना खेकडे खरोखरच त्रास देतात. भरतीला २ मीटर पाणी अडवणारा, बुडाशी ६ मीटर रुंद बांध घ्या : ढाळ एक तृतीयांश. दोन्ही बाजूंनी दोन-दोन मीटर बिळे गेली, तर उरली माती २ मीटर आणि ढाळ थेट एक. बांध जाऊ शकतो, म्हणून खारभूमीतला शेतकरी बिळे बुजवत फिरतो. पण मोठ्या धरणाचा पाया शंभर मीटरच्या घरात रुंद असतो. तिथे दोन मीटरच्या बिळाने ढाळात नजरेत भरेल असा फरकही पडत नाही. मंत्र्यांचे विधान बांधाला लागू होते, धरणाला नव्हे.

मराठीत या विषयासाठी दोन शब्द आहेत आणि त्यांतला भेद इंजिनिअरच्याही कामाचा आहे. १९७२च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर राज्यात हजारो पाझर तलाव झाले. पाणी झिरपून खालच्या विहिरी भराव्यात यासाठीच ते बांधले. तो पाझर. धरणाच्या पायथ्याशी येणारे पाणी व्ही-नॉचवरून मोजतात. ते स्वच्छ असेल आणि साठ्याच्या पातळीप्रमाणे कमीजास्त होत असेल, तर तोही पाझरच. पाणी गढूळ झाले, किंवा साठा तेवढाच असून ते वाढू लागले, तर ती गळती : पाण्यासोबत धरण बाहेर येते आहे.

अशा वेळी भोक बुजवण्याचा मोह होतो. तो घातक आहे, कारण दाब तसाच राहतो आणि पाणी दुसरी, अधिक वाईट वाट शोधते. योग्य उपाय उलटा आहे : उकळत्या जागेवर आधी वाळू, मग खडी, वर दगड. पाणी जाऊ द्यायचे, कण अडवायचे. या गाळणीचे माप कार्ल तेर्झागी याने घालून दिले. गाळणीतले बारीक कण आतल्या मातीच्या जाड कणांच्या चार-पाच पटींहून मोठे नसावेत. नव्या धरणांत गाभ्यामागे अशी गाळणी आधीच घातलेली असते, आणि धरण सुरक्षित ठेवण्यात तिचा वाटा गाभ्याइतकाच असतो. ती भिंतीच्या पोटात दडलेली असल्यामुळे उद्‌घाटनाला आलेल्या कोणाला दिसत नाही.

राजोडीच्या बाजूलाही तपासणी अवघड नाही. बावखल डबराने बुजवले की पाऊस मुरण्याची जागा जाते. त्यावर काँक्रीट झाले की ते पाणी गटारातून समुद्राला मिळते आणि भिंग तेवढे पातळ होते. उरलेल्या बावखलांत आणि विहिरींत मे महिन्यात दर आठवड्याला दोन नोंदी घ्याव्यात : काठावरच्या ठरावीक खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर, आणि क्षार मोजणाऱ्या साध्या मीटरचा आकडा. बाटलीला वजन बांधून तळाजवळचे पाणी वेगळे काढावे आणि वरचे वेगळे. वरचा आकडा तसाच राहून तळाचा चढू लागला, तर पंपाचे तास त्याच आठवड्यात कमी करावेत. पाणी जिभेला मचूळ लागेपर्यंत खारा शंकू विहिरीत पोहोचलेला असतो, आणि तो खाली बसायला कित्येक पावसाळे लागू शकतात.