इटालियन क्रियापदांतील आघात

इटालियनमधील 'कापितानो' ही चार अक्षरे तीन शब्दांना पुरतात. आघात पहिल्या अक्षरावर असता अर्थ 'घडतात'. तिसऱ्यावर असता 'कप्तान'. शेवटच्यावर असता 'त्याने नेतृत्व केले'. लेखनात खूण होते ती केवळ या अखेरच्या आघाताची. लघुगुरूंवर पोसलेल्या मराठी कानास देवनागरीही येथे चकवते, कारण 'का' व 'ता' सारखेच दीर्घ दिसतात.

तृतीय पुरुषी अनेकवचनात चूक हमखास होते. लॅटिन 'कान्तन्त्' (गातात) दोन अक्षरांचे. इटालियन 'कान्तानो' तीन अक्षरांचे झाले, पण आघात पहिल्या अक्षरावरून हलला नाही. 'आबितानो'मध्ये (राहतात) तर तो शेवटून चौथ्यावर आहे, कारण एकवचनी 'आबिता'तही तो आरंभीच्या 'आ'वरच आहे. उलट 'पार्ल्यामो'त (आम्ही बोलतो) तो धातू सोडून प्रत्ययावर जातो, आणि तेथील 'इ' व 'आ' मिळून एकच अक्षर होते.

याची खरी झळ पद्यात लागते. दान्तेच्या 'दिव्हिना कोम्मेदिया'चे वृत्त नावाने एकादशाक्षरी. त्याचे बंधन मात्र दहाव्या अक्षरावरील आघाताचे. लगतचे स्वर जोडून मोजल्यावर, 'पार्लो'ने (मी बोलतो) संपणारी ओळ अकरा अक्षरांची, 'पार्लानो'ने (ते बोलतात) संपणारी बारांची, आणि अन्त्याघाती 'पार्लो'ने (तो बोलला) संपणारी दहांचीच, तिन्ही वृत्तशुद्ध. बोटांवर मोजणारा अनुवादक शेवटच्या दोन ओळींत छंदोभंग पाहतो. अन्त्याघाताची खूण नजरेआड झाली, तर पात्राचे बोलणे निवेदकाच्याच तोंडी जाते.